एका दाबाला एक हंडा

मी फ्लशची टाकी. संडासाच्या भिंतीवर टांगलेली असते ना, पांढरी, चौकोनी, तीच. माझ्याविषयी चारचौघांत कुणी बोलत नाही आणि मलाही बोलायची सवय नाही. पण उद्या मला इथून उतरवणार आहेत. त्याआधी या घरातलं थोडं सांगून टाकते. अंग थकलंय माझं. सांगता सांगता कुठे अडखळले तर समजून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लास्टिक साच्यात ओतलं आणि मी बाहेर पडले. मग पोटात सामान बसवलं. एका दांडीच्या टोकाला पोकळ गोळा. पाणी भरत आलं की तो तरंगत वर येतो आणि येणाऱ्या पाण्याचं तोंड बंद करतो. तळाला रबराचं झाकण. बाहेरच्या बाजूला दांडा. तो दाबला की रबर उचललं जातं आणि माझ्या पोटातलं दहा लिटर पाणी एकदम खाली सुटतं.

त्यातलं ‘एकदम’ महत्त्वाचं. तेच पाणी धारेनं सोडलं तर भांडं नुसतं ओलं होईल. झपाट्यानं आलं तर ते भांड्याच्या काठाखालच्या भोकांतून गोल फिरत बाजू धुतं, आणि खालची वाकडी नळी काठोकाठ भरून टाकतं. नळी तशी भरली की ती स्वतःच मागचं सगळं ओढून नेते. शेवटचं थोडं पाणी त्या वाकणात थांबतं आणि वास अडवून धरतं. एवढंच माझं काम. भरायचं, थांबायचं, रिकामं व्हायचं.

सुरुवातीची अकरा वर्षं मी त्र्यंबकच्या रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये काढली. दर्शनाला आलेली माणसं रात्रीपुरती उतरायची, सकाळी घाईत निघायची. मी अर्धी भरलेली असतानाच पुन्हा दांडा दाबायची, वरून मलाच शिव्या द्यायची. काहीजण आतलं रडू बाहेर ऐकू जाऊ नये म्हणूनही दाबायचे. पाणी नळीतून यायचं, त्यामुळे ते कुठून येतं हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. मलाही नाही.

मग मालकानं भिंतीच्या आत लपणाऱ्या नव्या टाक्या बसवल्या. मला आणि माझ्या खालच्या कमोडला नाशिकच्या एका भंगारवाल्यानं नेलं. चार महिने आम्ही उन्हात पडून होतो. खरं सांगते, मला ते पडून राहणं आवडलं होतं.

तिथे एक दिवस गोटीराम आला. तिशीतला, काटक, हातांवर द्राक्षाच्या छाटणीचे ओरखडे. पेठकडच्या डोंगरातला तो माणूस. दिवाळीनंतर दिंडोरीच्या बागांत कामाला यायचा आणि पाऊस तोंडावर आला की घरी परतायचा. त्यानं माझा दांडा तीनचार वेळा दाबून पाहिला.

“एका हातानं चालंल का हे? डाव्या?”

“कोणाला पाहिजे?” भंगारवाल्यानं विचारलं.

“आईला. अर्धांग झालाय. उजवी बाजू गेली.”

भंगारवाल्यानं मला उचलून उजेडात धरलं. “दांडा डावीकडंच आहे बघ. बोटानं दाबला तरी चालतोय.”

जीपच्या टपावर गोणपाटात गुंडाळून आम्ही घाट चढलो.

गोटीरामचं घर पाड्याच्या वरच्या टोकाला, उतारावर. घरामागे संडासाची खोली होती, पण भांडं उकिडवं बसायचं, आणि ओतायला तेवढं पाणी कुठून आणायचं? त्यामुळे ती सरपण ठेवायलाच वापरत. गोटीरामची आई गोजराबाई भादव्यात अर्धांगानं पडली, आणि तेव्हापासून सून मीना तिला धरून बाहेर न्यायची, बसवायची, सावरायची, पाणी ओतायची. हे मला नंतर त्या दोघींच्या बोलण्यातून कळलं. गोजराबाईनं आयुष्यभर कुणाकडून पेला भरून घेतला नव्हता. तिला हे फार लागायचं.

गोटीरामला गवंडीकाम येत नव्हतं, पण बागेत ठिबकच्या नळ्या जोडून जोडून पाण्याची चाल त्याला कळली होती. घरामागच्या वरच्या बांधावर त्यानं निळा ड्रम ठेवला, त्याच्या बुडातून नळी काढून माझ्यापर्यंत आणली. कमोड बसवला, शोषखड्डा खणला. दोन दिवस लागले. ड्रम मात्र हंड्यानंच भरायचा होता.

पहिल्या दिवशी मीना सासूला आत बसवून दारात उभी राहिली. गोजराबाई म्हणाली, “तू जा भायेर.” जीभ जड झाली होती तिची, पण शब्द कळत.

“पडाल तुम्ही, आत्या.”

“नाय पडत. जा.”

मीना गेली. थोड्या वेळानं गोजराबाईनं डावा हात मागे नेला, चाचपडत दांडा शोधला आणि दाबला. पाणी सुटलं. ते पुरतं थांबेपर्यंत ती ऐकत बसली. मग तिनं स्वतःशीच मान हलवली. त्या दिवशी ती तीनदा आत आली. अकरा वर्षांत असं कुणी माझ्याकडे आलं नव्हतं.

गोटीराम दिंडोरीला परत गेला. थंडीत सगळं ठीक चाललं. ओढ्याकाठचा झरा जवळ होता, मीना भराभर खेपा करायची. फाल्गुन लागला तसा झरा आटला. मग खालची विहीर. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस, आणि पाणी शेंदायचं वेगळंच.

मीनाचा हंडा साधारण माझ्याएवढाच. म्हणजे सासूनं एकदा दांडा दाबला की सुनेची एक खेप. गोजराबाई काठी टेकत, पाय ओढत दिवसातून पाचसहा वेळा यायची. मी रिकामी झाले की अंगणात आवाज जायचा. मीना भाकरी थापत असली तर तिचा हात क्षणभर थांबायचा. हंडा उचलायची, चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि निघायची.

गोजराबाई दारातल्या खाटेवर बसून हे बघायची. हंडा उतरवल्यावर सून दोन्ही हातांनी मान दाबून धरते, तेही बघायची.

चैत्राच्या सुमाराला तिचं येणं कमी झालं. पाचाचं तीनावर आलं, तीनाचं दोनावर. मग दिवसातून एकदाच, सकाळी. मला बरं वाटलं, हे कबूल करते. रबर झिजलं होतं, गोळा कुरकुरत होता. म्हटलं, म्हातारीला आता कमी लागत असेल. मीनालाही बरं वाटलं असणार. दोन खेपा वाचल्या की ती अंगणात पाय सोडून बसायची.

कुणालाच कळलं नाही की गोजराबाईनं पाणी पिणं सोडलं होतं. मीना खाटेशी तांब्या भरून ठेवायची. सून विहिरीवर गेली की गोजराबाई डाव्या हातानं तो तांब्या खाटेलगतच्या मिरचीच्या रोपाला ओतायची. चहा घोटभर घेऊन बाकीचा सांडायची. त्या उन्हाळ्यात एकटी ती मिरची हिरवीगार होती.

एका सकाळी ती आत आली आणि बसता बसताच कलंडली. डोकं माझ्या खालच्या भिंतीला लागलं. अंग तापानं फणफणत होतं. मीना धावत आली. शेजारच्या कुसाबाईनं जीप थांबवली, आणि दोघींनी तिला पेठच्या दवाखान्यात नेलं.

चार दिवस घर बंद होतं. मी भरलेली, तशीच उभी.

परत आल्यावर जे बोलणं झालं ते माझ्या दारातच झालं. मीनानं सासूला पाटावर टेकवून बसवलं आणि समोर उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

“डॉक्टर मला विचारत होता, म्हातारीला पाणी देता का नाय. सगळ्या बायांसमोर. मी काय सांगू त्याला? रोज सात हंडे आणते म्हणून सांगू?”

बंद घराच्या चार दिवसांत मिरची सुकून गेली होती, तिकडे मीनानं बोट केलं.

“पाणी मी आणते, आत्या. तुम्ही ते मिरचीला घालता. मग मी आणते कशाला?”

“तुझी मान बघते मी,” गोजराबाई म्हणाली. “चाळीस वर्सं त्याच विहिरीवरनं आणलंय. हंडा किती जड असतो, मला ठावं हाय.”

“मग पाण्यावाचून मरायचं?”

“तुझ्या हातानं धुवून घेण्यापरीस बरं.”

मीना उंबऱ्यावर बसली. मग मीना म्हणाली, “मलाबी राग यायचा. आवाज आला की वाटायचं, गेला हंडा. तुमच्यावर नाय, पण यायचा.”

“यायचाच,” गोजराबाई म्हणाली.

मीना उठली आणि तिनं माझं झाकण उचललं. इतक्या वर्षांत मला कुणी आतून बघितलं नव्हतं. बिघडले की ठोकायचे, बस्स. तिनं दांडा दाबला आणि पाणी कसं उतरतं ते पाहिलं. गोळा खाली गेला, नवं पाणी आलं, गोळा वर आला, पाणी थांबलं. तिनं पुन्हा तेच केलं. त्यात पुरे दोन हंडे गेले, पण ती बघत राहिली.

“आत्या, हा गोळा सांगतो पाणी कधी थांबवायचं. हा लवकर वर आला तर पाणी कमी भरंल.”

“कमी पाण्यानं वाहून जाईल का?”

“बघू की.”

तिनं ड्रमची नळी बंद केली, मला रिकामं केलं आणि घरातून लिटरची बाटली आणली. किराण्याच्या कागदाचे बोळे भिजवून भांड्यात टाकले. माझ्यात पाच बाटल्या ओतल्या आणि दांडा दाबला. पाणी गोल फिरलं, बोळे तिथेच घिरट्या घालत राहिले. वाकडी नळी भरलीच नाही, मग ओढणार कसली? सहा बाटल्यांना निम्मे गेले.

“अजून एक,” पाटावरून गोजराबाई म्हणाली.

सात बाटल्यांना भांड्यानं घोट घेतल्यासारखा आवाज केला आणि सगळं गेलं. मीनानं पुन्हा सात ओतून खात्री केली. मग सात लिटरपाशी माझ्या आतल्या अंगाला खिळ्यानं रेघ मारली, आणि गोळ्याची पितळी दांडी हलकेच खाली वाकवली. पाणी बरोबर रेघेवर थांबलं.

“तीन लिटर वाचले,” ती म्हणाली.

लघवीसाठी दांडा दाबायचाच नाही, असंही ठरलं. डाव्या हाताशी पत्र्याचा डबा ठेवला, भांडी विसळलेल्या पाण्याचा. गोजराबाई तो आपल्या हातानं ओतायची. आणि रोज संध्याकाळी मीना तिच्यासमोर बसून तांब्यातलं पाणी तिला प्यायला लावायची. शेवटच्या घोटापर्यंत हलायची नाही.

त्याच आठवड्यात तिनं गोटीरामला फोन लावला. ड्रमपाशी उभी राहून बोलत होती, म्हणून मला ऐकू आलं. “दांडी वाकवून तीन लिटर वाचवलेत. बाकीचे सात माझ्याच डोक्यावर हाईत. आई तुमची हाय. कधी येता सांगा.”

गोटीराम हंगाम अर्ध्यावर टाकून आला. कावडीला दोन डबे बांधून पहाटे आणि दिवस मावळताना पाणी आणू लागला. पाड्यावरचे बाप्ये विहिरीच्या वाटेवर त्याला हसायचे. तो ऐकून घ्यायचा, चालत राहायचा. पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा दिंडोरीला जावंच लागलं, आणि खेपा पुन्हा मीनाकडे आल्या. सगळं सुटलं असं नाही. पण गोजराबाई परत कधी पाण्यावाचून पडली नाही.

ती त्यानंतर दोन वर्षं जगली. गेल्या माघात झोपेतच गेली. आदल्या दिवशी दुपारी आपल्या हातानं दांडा दाबून गेली होती.

तेव्हापासून मी कोरडी आहे. मीना आणि गोटीराम पूर्वीसारखे तांब्या घेऊन बाहेरच जातात. रबराला भेगा गेल्यात, गोळ्यात पाणी शिरलंय, आत कोळ्यानं घर केलंय. मला वाटलं होतं, आता असंच राहायचं.

पण काल कुसाबाई आली. तिचा नवरा देवराम झाडावरून पडला आणि त्याचं कंबरेखालचं अंग गेलं. ती दारात उभी राहून चाचरत बोलत होती. मीनानं तिला पुरतं बोलूही दिलं नाही. “घेऊन जा. कमोडबी ने. हे रविवारी येतायत, नवं रबर आणि गोळा आणायला सांगते. ते बसवून देतील.”

मग तिनं माझं झाकण काढलं, कोळिष्टकं पुसली आणि कुसाबाईला जवळ बोलावलं. “ही रेघ बघ. इथं पाणी थांबलं पाहिजे. एका दाबात गेलं नाय तर दांडी जराशी वर कर.”

कुसाबाईनं वाकून पाहिलं.

“आणि देवरामभाऊंना पाणी समोर बसून पाज,” मीना म्हणाली. “तांब्या रिकामा दिसला म्हणून प्यायले असं समजू नको.”

कुसाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

उद्या मला उतरवतील. मला नव्या घराची हौस उरलेली नाही. पुन्हा भरायचं, पुन्हा रिकामं व्हायचं, आणि वाटेवर कुणाच्या तरी पायांचा आवाज ऐकायचा, याचाच शीण आहे. नाही म्हणणं माझ्या हातात नाही. मागणं एवढंच, की माझा दांडा दाबणाऱ्यानं एकदा तरी माझं झाकण उचलून आत पाहावं, आणि मग दाराबाहेर, विहिरीच्या वाटेकडे.