डावा पाय

चामराजपेटच्या खोलीत शिवलीला आपल्या गेममधलं कंदीलवालं म्हातारं अस्वल काढत होती. कान, नाक, पोट, मेलं काही मनासारखं जमेना. चाल मात्र पहिल्याच फटक्यात जमली. डावा पाय ओढत चालणारी, गेल्या साली गेलेल्या तिच्या अप्पांची चाल!

गेमचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चंदनने अस्वल पडद्यावर चालवलं. ते उजवीकडे निघालं, तशी ती हसली. मग ते परत फिरलं.

"थांब! आता उजवा पाय का ओढतंय?"

"अक्का, परतीची चाल वेगळी कोण काढत बसतं? तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं केलंय. कुणाच्या लक्षात येणार आहे?"

शिवलीलाने चिडून ते पुन्हा चालवलं. जाताना ते अप्पाच होते. परत येत होता तो दुसराच कुणीतरी.