तीन थर

"बाई, नकाशात चूक होती. मी दुरुस्त केली," एव्हर्ट मिस्त्री म्हणाला आणि थापीवरचा माल झटकला.

नकाशा सिग्रून हालेंदालनेच काढला होता. तिने भिंतीवर हात ठेवला. वर्गाच्या खिडकीची खालची कड विटांच्या तीन थरांनी वर गेली होती. छतावर हिरव्या फांद्यांचा हार, म्हणजे बांधकाम पुरे झाल्याची खूण, चढला होता. उद्या दुपारी शाळा समिती गवंड्यांना जेवू घालणार होती. हार चढल्यावर स्वीडनच्या या स्मोलांड भागात कुणी भिंत पाडत नाही.

"चाळीस वर्षं भिंती बांधतोय मी," एव्हर्ट म्हणाला. "आधीच गाव विचारतंय, ही शाळा आहे की लोण्याचा डबा? त्यात गुडघ्याच्या उंचीवर खिडक्या!"

एकसष्ट वर्षांची सिग्रून वाद घालत बसली नाही. तिने खिळ्यांची बुटकी पेटी उपडी करून भिंतीजवळ ठेवली.

"बसा मिस्त्री. सहा वर्षांचं पोर बाकावर बसलं, की त्याचे डोळे एवढ्यावर येतात."

कुरकुरत तो बसला.

"काय दिसतंय?"

"वीट."

"आणि विटेपलीकडे?"

पलीकडे सरोवर होते. एव्हर्टने मान उंच करून विटेवरून पाहिले. मग म्हणाला, "आमच्या शाळेतून आभाळसुद्धा दिसायचं नाही. पण आता हार उतरवला, तर जिल्हाभर हसतील मला."

"हसतील. समितीला जेवण पुढे ढकलायला मी सांगते. भिंत तुमच्या हातची आहे, हात तुम्हीच लावा."

एव्हर्ट शिडी चढला आणि त्याने स्वतःच हार उतरवला.

"मिस्त्री, लग्न मोडलं काय?" खालून कुणीतरी ओरडले.

"दात काढू नकोस. छिन्नी आण!"

पाचव्या दिवशी हार पुन्हा चढला. फळ्यांच्या लांब टेबलावर हेरिंग मासे, उकडलेले बटाटे आणि बिअर आली. समितीचे अध्यक्ष अजून फुरंगटलेलेच होते.

"उशीर झाला कुणामुळे?"

"माझ्यामुळे," सिग्रून म्हणाली. "नकाशा स्पष्ट नव्हता."

एव्हर्टने तोंडातला बटाटा कसाबसा गिळला आणि तो उभा राहिला.

"नकाशा स्पष्ट होता. मीच शहाणपणा केला."

कुणी हसले नाही. नकाशे काढणारी माणसे नेहमी अध्यक्षांच्या बाजूला बसत. एव्हर्टने गवंड्यांच्या बाकावरची धूळ बाहीने पुसली आणि तो जरा सरकून बसला.

"या बाई, इकडे बसा."