एकच प्रत

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणत आणि त्याच्या बायकोला खटपट्याची बायको. म्हणजे बिचारीला टोपणनावसुद्धा स्वतःचं मिळालं नव्हतं. लोकांच्या भिंतीवर धबधब्याची कॅलेंडरं असतात, यांच्या भिंतीवर तीन पेटंटं होती, काचेच्या चौकटीत. पेटंट म्हणजे सरकारचा कागद, की ही युक्ती या माणसाची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

पहिलं बॅटरीचं. ते त्यानं तरुणपणी एका कारखान्याला विकलं आणि त्या बदल्यात घरात फ्रीज आला. फ्रीज केव्हाच बंद पडला, आता त्यात चपला ठेवतात. बॅटरी मात्र पोरांच्या खेळण्यांत अजून कोकलते आहे.

दुसरं फोटो छापण्याचं. निगेटिव्ह नाही, काही नाही. कॅमेऱ्यातूनच कागद छापून बाहेर यायचा, काठावर त्या दिवसाची तारीख भाजलेली. उन्हात टाका, पाण्यात बुडवा, रंग उडायचं नाव नाही. पण एक फोटो म्हणजे एकच. त्याच्यावरून दुसरा काढायला गेलात तर कागदाची अशी काही चकाकी यायची की तोंडाच्या जागी नुसता ढग. खटपट्याला याचा कोण अभिमान, कारण अशा फोटोत कुणाला लबाडी करता येत नाही. लोक विचारायचे, "लग्नाचा एकच फोटो, मग तो माहेरी लावायचा की सासरी?" झालं, धंदा बसला. फक्त एक विमा कंपनी जळलेल्या दुकानांचे आणि चेपलेल्या गाड्यांचे फोटो या कागदावर काढून घ्यायची. त्यावर घर चालायचं, चालायचं कसलं, रांगायचं.

तिसरं पंपाचं, आणि बायकोचा सगळा जीव याच्यात अडकला होता. हातात मावेल एवढ्या बॅटरीवर तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी चढवणारा पंप. एका मोठ्या कंपनीला ते पेटंट विकत हवं होतं. करार तयार होता, सही तेवढी बाकी. सही झाली की ती चपलांचा फ्रीज रस्त्यावर काढणार होती, स्वतःच्या हातानं. इतक्या वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच तिचा धाकटा भाऊ आडवा आला.

भावाचा पंपांचा कारखाना होता. खटपट्याचाच पंप तो बनवायचा, मेहुण्याच्या नात्यानं, जवळजवळ फुकटात. पेटंट मोठ्या कंपनीकडे गेलं की त्याचं दुकान बंद. म्हणून त्यानं अर्ज केला, की हे पेटंटच रद्द करा. कारण काय, तर कागद दाखल करण्याआधीच हा पंप चारचौघांत चालला होता. नियमच आहे तसा. जगानं जे आधीच पाहिलं, त्याला नवं म्हणता येत नाही.

"पुरावा कुठाय त्याच्याकडे?" खटपट्या म्हणाला होता. "नुसता बोलतोय."

सुनावणीच्या खोलीत पंखा करकरत होता. टेबलामागे तपासणी अधिकारी, भिंग घेऊन बसलेले. भावाच्या वकिलानं फाइल उघडली, एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. खटपट्याच्या बायकोनं मान उंचावून पाहिलं.

तिची आई होती ती.

आईचे गुडघे गेले तेव्हा खटपट्यानं हा पंप केला होता. सासूला खालून बादल्या आणाव्या लागू नयेत म्हणून, बाकी कशासाठी नाही. ज्या दिवशी भावाच्या घरी तो बसवला, त्या दिवशी अख्खी गल्ली जमली होती. तिसऱ्या मजल्यावर आई हातात पाइप धरून हसत होती, खाली शेजारी भिजत होते. खटपट्यानं तो क्षण टिपला. पुढं आई गेली. तिचा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. आणि पेटंटचा अर्ज? तो खटपट्यानं कितीतरी महिन्यांनी भरला, कारण त्याला झडप अजून थोडी गुळगुळीत करायची होती.

गेल्याच महिन्यात भाऊ घरी आला होता. डोळे पुसत म्हणाला होता, "ताई, आईची एक खूण नाही गं माझ्या घरात. चार दिवस तरी दे तो फोटो." तिनं स्वतःच्या धुतलेल्या ओढणीत गुंडाळून दिला. वर डबाभर लाडूही दिले. लाडू त्यानं जिन्यातच खायला सुरुवात केली होती, हे तिला आत्ता आठवलं.

अधिकाऱ्यांनी थोडा वेळ सुट्टी दिली. बाहेरच्या बाकावर खटपट्याच्या वकिलानं चष्मा पुसत सांगितलं, "काका, एकच वाक्य बोलायचंय. कॅमेऱ्यातलं तारखेचं चाक हातानं फिरवता येतं. बस. तारीख डळमळली की पुरावा गेला."

"पण ते फिरत नाही," खटपट्या म्हणाला.

"मला माहितीय."

"ते आतल्या घड्याळाला जोडलंय. माझ्या पेटंटात तसं लिहिलंय."

"अहो," बायको म्हणाली, "आयुष्यभर खरं बोलून काय मिळालं? फ्रीज. आज एकदा खोटं बोला. मी पाया पडते तुमच्या."

"विमा कंपनी काय म्हणेल?"

"म्हणू दे. पंप विकला गेला तर हवीय कशाला ती?"

खटपट्या गप्प बसला. त्याचं हे गप्प बसणं होकाराचं आहे असं तिनं मानून घेतलं. माणूस बुडताना काडीचा आधार धरतो, तिनं तर नवऱ्याचा धरला.

तेवढ्यात भाऊ चहाचे पेले घेऊन आला. "घे ताई. दाजी, तुम्हीपण घ्या. भांडण कागदावरचं, चहाशी कशाला वैर?"

"आईला विकलंस तू," ती म्हणाली.

"छे गं. साक्षीला बोलावलं." त्यानं एक घोट घेतला. "आणि तू काळजी करू नकोस. दाजी खोटं बोलतीलही. पण स्वतःच्या यंत्राला नावं ठेवायला त्यांची जीभ वळायची नाही. बघ तू."

आत गेल्यावर खटपट्याच्या वकिलानं आधी तारखेवरच हरकत घेतली. मग भावाचा वकील खटपट्याशी इतका गोड बोलला की मुंग्या लागाव्यात. "फोटो सुरेख आहे. आपलाच कागद ना?"

"माझाच."

"इतकी वर्षं झाली, रंग जरासुद्धा उतरला नाही."

"उतरणारच नाही."

अधिकाऱ्यांनी भिंग लावलं. "खरंच हो. एक डाग नाही," ते म्हणाले. खटपट्याचे कान लाल झाले. बायकोनं ते पाहिलं. तिच्या स्वयंपाकाला, तिच्या शिवणाला, तिच्या पोरीच्या मार्कांना त्याचे कान कधी लाल झाले नव्हते.

"फक्त एक शंका," वकील म्हणाला. "आपले वकील म्हणतात, ही तारीख कच्ची आहे. चाक हातानं फिरतं. म्हणजे यंत्र तसं सदोषच म्हणायचं, नाही का?"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. म्हणा, म्हणा, म्हणा. तिनं पदराची गाठ इतकी आवळली की बोट पांढरं पडलं.

"सदोष?" खटपट्या म्हणाला. "कोण म्हणतं सदोष? चाक घड्याळाला जोडलंय साहेब. हातानं फिरवायला गेलं तर कॅमेराच बंद पडतो. त्या काठावरची तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

त्यांच्या वकिलानं चष्मा काढून खिशात ठेवला. भावानं तिच्याकडे पाहून हळूच भुवई उडवली.

निकाल लगेच लागला. पेटंट रद्द.

जिन्यात भावानं गाठलंच. "दाजी, पंप आता सगळ्यांचा, म्हणजे माझाही. पण झडपेत रबरी वायसर बसवायला तुमच्यासारखा हात नाही. सोमवारपासून येता का? डबा आणा घरून."

"येईन," खटपट्या म्हणाला. अगदी सहज, कुणी वेळ विचारावी तसा.

"माझा फोटो दे," बायको म्हणाली.

"तो आता दप्तरात जमा झाला ताई. पुरावा आहे, परत नाही मिळत."

"मग दुसरा काढून दे त्याच्यावरून."

भाऊ मनापासून हसला. "दाजींना विचार की, निघतो का."

घरी आल्यावर तिनं चपला काढल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. भिंतीवर आईच्या फोटोच्या जागी चौकोन दिसत होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिली. खटपट्यालाही ते बरं वाटलं नसावं, कारण थोड्या वेळानं तो कॅमेरा घेऊन आला.

"थांब, तुझा काढतो. त्या जागी लावू. माप अगदी बरोबर बसेल."

"आज नको."

"उजेड चांगलाय."

"त्यावरची आजची तारीख पुसता येईल का हो नंतर?"

"कधीच नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. "हस जरा."

ती हसली नाही. तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं तसं. कॅमेरा गुरगुरला, कागद बाहेर आला. त्यानं तो खिडकीपाशी नेला, तिरपा धरून काठ तपासला, चारही कोपरे तपासले.

"बघ," तो म्हणाला, "एक डाग नाही."

तिच्या तोंडाकडे त्यानं पाहिलंच नाही. तो खिळा शोधायला गेला.