जबल अख्दरवरचा रॉकेल हीटर

मित्रांनो, ओमानसारख्या उष्ण देशात खोली गरम करायला हीटर कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण निझवा शहराच्या वर जबल अख्दर नावाचा उंच डोंगर आहे. तिथे हिवाळ्यात कधीकधी नळातले पाणीही गोठते. तिथल्या एका घरातला मी जुना रॉकेल हीटर.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. पोटात रॉकेलची टाकी, मधे गोल वात, पुढे लोखंडी जाळी, एवढाच माझा पसारा. डोंगरावरच्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये मी पंचवीस वर्षे ऊब दिली. माणसे बदलत गेली, पण माझ्याजवळ बसून हात शेकणे सगळ्यांनाच आवडायचे.

२०११ साली रत्नागिरीचे चंद्रहास तिथे फार्मासिस्ट म्हणून आले. त्यांच्या पत्नी नयनाताईंनी विजेचा नवा हीटर आणला आणि मी मागच्या खोलीत गेलो. माझी वात कडक झाली, जाळी गंजली. कोणी माझ्याकडे बघेना, याचे फार वाईट वाटायचे.

दोन हिवाळ्यांत नवा हीटर बंद पडला. त्याचे झाकण चिकटवलेले होते; ते उघडणार कसे? मग नयनाताईंनी मला पेटवले, तर मी नुसता धूर ओकलो.

"खलास झालाय हा. टाकून देतो," चंद्रहास म्हणाले.

"आधी निझव्याला जनार्दनभाऊंना तरी दाखवा," नयनाताई म्हणाल्या.

जनार्दनभाऊ कणकवलीचे मिस्त्री. त्यांनी मला उलटे केले आणि चार स्क्रू काढले.

"साहेब, हा टाकू नका. ज्याने बनवलाय ना, त्याने दुरुस्त करणाऱ्याचा विचार केलाय. सगळं सुटं होतंय बघा. नव्या वातींचं मापही अजून तेच आहे. मस्कतच्या गाला भागातल्या दुकानात मिळेल."

वात आली. टाकी धुतली गेली. मी परत डोंगरावर आलो.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, गारा पडल्या, वीज गेली, दरड कोसळून रस्ता बंद झाला. शेजारची नर्स बिलकीस नऊ दिवसांचे बाळ घेऊन दारात आली. तिचा नवरा मस्कतला अडकला होता.

"नयना, बच्चे के पैर बहुत ठंडे पड़ गए हैं," ती म्हणाली.

नयनाताईंनी खिडकी थोडी उघडी ठेवली, मला बाळापासून लांब ठेवले आणि काडी ओढली. पुन्हा धूर झाला तर, या भीतीने मी धास्तावलो होतो. पण ज्योत स्वच्छ लागली. तासाभराने बिलकीसने बाळाचे पाय चाचपले; ते गरम झाले होते. मग बाळ दूध प्यायले आणि ती भिंतीला टेकून डोळे पुसत बसली.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर चंद्रहास माझी टाकी रिकामी करून मला झाकून ठेवतात. यंदा तर त्यांनी स्वतः माझी वात बदलली. जनार्दनभाऊ शेजारी नुसते चहा पीत बसले होते.

मित्रांनो, यंत्र टिकते ते नुसत्या लोखंडामुळे नाही. ते उघडता यावे, त्याचे भाग मिळावेत आणि कोणीतरी ते दुरुस्त करायला शिकून घ्यावे. तुमच्या घरातली एखादी वस्तू बंद पडली असेल, तर टाकण्यापूर्वी एकदा तिचे स्क्रू शोधा.