अठरा झाडं

पिकअप थांबली तशी वत्सलाबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी पुढे झाली. हातात डबा, कंबरेला कात्री, खांद्याला अडकवलेला कोपरांचा टेकू. तिने फळीवर एक पाय ठेवला आणि वरून भागीबाईने हात आडवा धरला.

"आक्का, आज तू नको."

वत्सलाबाईला वाटलं, जागा नसेल. मी उभी राहीन, असं ती म्हणालीसुद्धा. भागीबाई मनोजभाऊंच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या बारा बायांच्या टोळीची मुकादम. वीस वर्षं दोघी एकाच मांडवाखाली राबलेल्या, आणि भागीबाईची पोरगी तेजस्विनी निम्मी तर वत्सलाबाईच्या चुलीपाशी वाढलेली. पण आज भागीबाई तिच्याकडे न बघता ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बोलत होती.

"आज नाय, उद्या बी नाय. मनोजभाऊंनी आठच बाया सांगितल्या. एकीनं दिसाला अठरा झाडं. तुझ्याच्यानं व्हायची नाय."

"अठरा कुणी ठरवली?"

भागीबाईने ड्रायव्हरला निघायची खूण केली. तिने सांगण्याची गरजही नव्हती. पिकअप निफाडच्या दिशेने निघून गेली आणि रस्त्यावर चार बायका उरल्या. त्यातल्या तिघी वत्सलाबाईकडे बघत होत्या, कारण अठरा हा आकडा तिचाच होता.

द्राक्षाच्या विरळणीचं काम लांबून फार नाजूक दिसतं. बाई मांडवाखाली उभी राहते आणि डोक्यावर लटकणाऱ्या घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढते, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. एवढंच. फक्त दोन्ही हात दिवसभर वर ठेवायचे. ज्याला हे सोपं वाटत असेल त्याने ही गोष्ट वाचून होईस्तोवर दोन्ही हात वर धरून बघावेत.

वत्सलाबाईने असे सव्वीस हंगाम काढले. शेवटी उजवा खांदा असा धरला की स्वतःचे केससुद्धा बांधता येईनात. नवरा कधीच गेलेला, लेक दिली लांब. मग रोज सकाळी ती कंगवा घेऊन भागीबाईच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि घरात जी मोकळी असेल ती तिचा अंबाडा घालून द्यायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते काम तेजस्विनीकडे आलं. ती नाशिकला पॉलिटेक्निकला. केस विंचरता विंचरता तिने मावशीचा हात वर करून पाहिला, कुठे अडतो, कुठे दुखतो ते विचारलं आणि म्हणाली, कोपराला खालून कुणी धरून ठेवलं तर? वत्सलाबाई हसली. मला धरायला कोण येणार, म्हणाली.

पोरगी मात्र हसली नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधले हलके पाइप, सायकलच्या सीटची स्प्रिंग आणि स्वतःच्या जुन्या दप्तराचे पट्टे जोडून तिने एक टेकू बनवला. कंबरेला पट्टा बांधायचा, त्यावरून दोन दांड्या वर येणार आणि कोपरं त्यांच्यावर टेकणार. पहिला मोडला. दुसरा बरगडीत रुतला. तिसरा घालून वत्सलाबाई मांडवाखाली उभी राहिली आणि हात वर असूनही खांदा ठणकला नाही. द्राक्षाला ऊन लागू नये म्हणून कागद निघाले, मणी लांब व्हावा म्हणून औषधं निघाली. घडासाठी डोकं चालवणारी माणसं तिने आयुष्यभर पाहिली होती. घडाखालच्या बाईसाठी डोकं चालवणारी ही पहिलीच.

पुढे नाशिकला कॉलेजांची स्पर्धा निघाली. तेजस्विनीच्या सरांनी सांगितलं, आराम मोजता येत नाही, काम मोजता येतं, तेव्हा आकडा आण. म्हणून मनोजभाऊंच्या बागेत एक दिवस चाचणी झाली. तेजस्विनी वही आणि घड्याळ घेऊन बांधावर बसली. मावशी, रोजच्यासारखंच काम कर, एवढंच तिने बजावलं होतं.

आणि नेमकं तेवढंच वत्सलाबाईने ऐकलं नाही. तिच्या मते ती पोरीची परीक्षा होती, आणि पोरीच्या परीक्षेत रोजच्यासारखं कोण वागतं? चहाला ती बसली नाही. भाकरीचे उभ्यानेच दोन घास खाल्ले. पाणीही प्यायली नाही, आडोशाला जावं लागेल म्हणून. रोजची बारा झाडं व्हायची, त्या दिवशी अठरा झाली. नंतर तीन दिवस तिला तांब्या उचलवत नव्हता. तेजस्विनीला तिने फोनवर सांगितलं की घरी पाहुणे आहेत म्हणून कामाला गेले नाही.

स्पर्धेत पहिला नंबर आला. मनोजभाऊ बागायतदारांच्या वतीने स्टेजवर होते. अशी ध्येयवेडी पोरंच उद्या जग बदलतील, असं ते बोलले आणि अगदी मनापासून बोलले. वत्सलाबाईला शाल दिली, वाकून पायाही पडले. मागच्या फलकावर लिहिलं होतं, टेकूशिवाय बारा, टेकूसह अठरा. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मनोजभाऊंनी मोबाइल काढून त्या फलकाचा फोटो घेतला. वत्सलाबाईला त्याचंसुद्धा कौतुकच वाटलं होतं.

आता या डिसेंबरात त्यांनी नाशिकजवळच्या अंबडच्या एका कारखान्यातून टेकू करून आणले. मोजून आठ.

वत्सलाबाई घरी गेली नाही. पाटाच्या कडेने चालत ती बागेवर पोचली तेव्हा ऊन वर आलं होतं. मांडवाखाली आठ जणी ओळीने उभ्या होत्या, कोपरं टेकवलेली, हात वर. चहाची किटली बांधावर तशीच होती. भागीबाईने एकदा मान वळवली आणि पुन्हा घडात घातली.

मनोजभाऊंनी मावशी मावशी करत पाणी दिलं. त्यांचा आवाज गोड होता आणि तिला तो आज सहन होत नव्हता. अठरा झाडं रोज कुणालाच झेपायची नाहीत, असं तिने सांगून पाहिलं.

"मावशी, मी काय मनानं ठरवलं का? तुमचाच आकडा हे. तुम्ही साठीला आल्या, तरी केली. या तर तरण्या."

"एका दिसाचं होतं भाऊ ते."

"म्हणजे खोटं होतं?"

ते सहज विचारत होते की जाणूनबुजून, हे तिला कळलं नाही. खोटं म्हणावं तर पोरीचं बक्षीस खोटं, वही खोटी, स्टेजवर ती जे बोलली ते सगळंच खोटं. खरं म्हणावं तर आपलं आणि त्या तिघींचं काम गेलं. पायाशी वाकलेला हाच माणूस, आणि त्याने तिला तिच्याच हातांनी बांधून ठेवलं होतं.

"नाय," ती म्हणाली. "खरंच होतं."

आणि ती परत फिरली.

शनिवारी तेजस्विनी वत्सलाबाईच्या घरी आली. आईकडून तिला सगळं कळलं होतं. येताना ती रडली असावी, पण आता रागात होती. बक्षीस परत करते, मनोजकाकांना जाब विचारते, ते आठही टेकू मोडून टाकते, असं बरंच बोलली. मग एकदम थांबली. वत्सलाबाई ज्या प्रश्नाला भीत होती तोच तिने विचारला.

"मावशी, त्या दिवशी तू रोजच्यासारखंच काम केलं होतंस ना?"

मनोजभाऊंपुढे तिने पोरीसाठी खोटं सांगितलं होतं. पोरीपुढे ते जमेना.

"नाय गं. तुझ्यासाठी पळाले मी."

तेजस्विनीचा चेहरा पडला. वत्सलाबाईला मनोजभाऊंचा राग होता, भागीबाईचा तर फारच होता. पण पोरीचा तो चेहरा पाहून तिला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. आपल्यालाही कुणी फसवलं, हे त्या पोरीला आज कळलं होतं, आणि फसवणारी समोर बसली होती.

"मी तुला मुद्दाम सांगितलं होतं," ती एवढंच म्हणाली.

"सांगितलं होतंस. टेकू चांगला हाय तुझा. हात दुखत नाय, ते काय खोटं नाय. पुढं काही केलंस तर आधी माझ्याकडं आण. मी हळू करीन."

तेजस्विनीची नजर तिच्या केसांकडे गेली. भागीबाईने हात आडवा धरल्यापासून वत्सलाबाई तिच्या ओट्यावर गेलेली नव्हती. केस सहा दिवसांचे, फडक्याने कसेबसे गुंडाळलेले. पोरीने फडताळावरचा कंगवा उचलला, पण वत्सलाबाईने तो तिच्या हातून काढून घेतला.

तिने खुंटीवरचा टेकू उतरवला, तो दप्तराच्या पट्ट्यांचा, तिसरा. कंबरेला बांधला, कोपरं टेकवली आणि मान पुढे झुकवून स्वतःचे केस विंचरायला घेतले. गुंता फार होता. दोनदा अंबाडा सुटला, तिने तो पुन्हा घातला. तेजस्विनी उंबऱ्यावर बसून बघत राहिली. घड्याळ तिच्या मनगटावरच होतं, पण तिने ते पाहिलं नाही.