बाबांचं शिसं

विल्डाने पाण्यात भिजवलेल्या जुन्या मासिकांचा गठ्ठा मातीच्या बांधाला टेकवला, बारा पावलं मागे आली आणि रिव्हॉल्व्हरचे दोन बार काढले. आधी दुकानातली, तांब्याचं वेष्टन असलेली गोळी. मग बाबांनी जाण्यापूर्वी घरी ओतलेली, नुसत्या शिशाची.

साठीला टेकलेली ती आणि तिचा धाकटा भाऊ ऑरिन, दोघंही पोरांसारखी गठ्ठ्यावर तुटून पडली. तांब्याची गोळी फुलून मधेच अडकली होती. बाबांची आरपार जाऊन बांधात घुसली होती.

"बघ, कशी फुललीय. घाव केवढा होईल!" ऑरिन म्हणाला.

"आणि खांद्याचं हाड आडवं आलं तर? तिथेच बसेल."

चौदा वर्षं सोडतीत नाव टाकून टाकून यंदा कुठे विल्डाला एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या थोराड हरणाच्या, नराच्या शिकारीचा परवाना लागला होता. आठवडाभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. गावात जो भेटेल त्याला सांगून झालं होतं. धास्ती एकच होती. जनावर जखमी होऊन रानात निसटलं, तर जन्मभर मन खात राहील.

म्हणजे शिशाचीच गोळी हवी. पण बाबा भारी चिकट माणूस! चाळीस वर्षं नेमाच्या सरावाला एकच शिसं वापरलं. बर्फ वितळला की बांध उकरायचा, आईची पिठाची चाळणी पळवायची, तिची बोलणी खात शिसं वेचायचं, वितळवायचं, पुन्हा साच्यात ओतायचं. शिकारीला मात्र विकतच्या गोळ्या. डोंगरात गेलेलं शिसं परत येत नाही म्हणायचे. आता त्यांच्या हातच्या सहाच उरल्या होत्या, आणि सातवी ऑरिन नखांनी बांधातून उकरत होता.

शिकारीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सॅमन नदीच्या वरच्या उतारावर नराने साद घातली, तेव्हा विल्डाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाबांच्या त्याच सहा गोळ्या होत्या. त्या भरताना ऑरिनने पाहिलं होतं.

चाळीस पावलांवर नर आडवा उभा राहिला. विल्डाने श्वास रोखून चाप ओढला. तो वीसेक पावलं धावला आणि बसकण मारल्यासारखा खाली गेला, तो उठलाच नाही.

ऑरिनने बहिणीला उचलून गरागरा फिरवलं. ती हसत होती, रडत होती, "सोड रे, कंबर मोडशील" म्हणत होती. गोळी दोन्ही खांदे फोडून पलीकडे गेली होती.

परवान्याच्या चिठ्ठीवर तिने नियमाप्रमाणे शिकारीच्या तारखेची खाच पाडली. मान वर केली तर ऑरिन गायब. पाहते तो, नर उभा होता त्याच्या मागच्या उतारावर गुडघे टेकून हा चाकूने माती उकरतोय.

"अरे, काय करतोयस?"

"इथेच कुठेतरी असणार गं. आणखी वीतभर खाली."

विल्डा वर गेली. क्षणभर तिनेही त्या मातीत बोटं खुपसली. मग हात झटकले.

"राहू दे. अजून पाच आहेत," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी सोडतीत तुझं नाव टाक."

ऑरिनने बोटांनी खड्डा एकदा चाचपला. मग त्याने चाकू मिटला आणि माती परत लोटली.