वसंतापर्यंत थांबलेला कायदा

मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. उत्तर फ्रान्समधल्या आर्देकूर या कोळशाच्या गावात एका खोगीर शिवणाऱ्याने मला घडवले. मित्रांनो, कामगारांचे वकील ओव्हिद लेस्को १९३२ साली खासदार झाले, तेव्हा खाणकामगारांनी मला त्यांच्या हाती दिले. त्यांच्यातलाच, लेस्कोंचा जुना दोस्त सेलेस्तँ म्हणाला, "खाणीचा कायदा झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस!"

लेस्कोंनी माझ्यात पहिला कागद ठेवला तो त्याच कायद्याच्या विधेयकाचा. खाणीत स्फोटक वायू आढळला तर माणसे खाली उतरवायची नाहीत, एवढेच त्यात होते.

पॅरिसमध्ये त्यांची भाषणे गाजली. दोन वर्षांत ते मंत्री झाले आणि मीही मिरवू लागले. पण कागद बाहेर काढताच पंतप्रधान म्हणाले, "आत्ता नको. खाणमालकांचे मित्र सरकार पाडतील. वसंतापर्यंत थांबा."

लेस्को थांबले. सरकार तरीही पडले. नव्या सरकारातही ते मंत्री झाले, तेच ऐकले आणि पुन्हा थांबले. कागद माझ्या तळाशी गेला.

सुट्टीत गावी गेले की सेलेस्तँ विचारी, "कधी रे कायदा?"

"वसंतात."

"कुठल्या वर्षीच्या, तेवढं सांग!"

सगळे हसत. लेस्कोही हसत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वायू आढळूनही माणसे खाली उतरवली गेली आणि खाणीत स्फोट झाला. खाली एकेचाळीस माणसे होती. लेस्को मला घेऊन धावत आले. तीन दिवस बायका फाटकाशी उभ्या होत्या. चौथ्या दिवशी प्रेते वर आली. सेलेस्तँही त्यांत होता.

त्याची बायको फिलोमेन लेस्कोंसमोर आली. "तो कागद यातच आहे ना?"

"आहे."

"मग वाच."

"फिलोमेन, आता कशाला..."

"वाच, ओव्हिद! ज्यांच्यासाठी लिहिलास ते सगळे समोर आहेत."

तिसऱ्या ओळीला ते अडखळले. ती म्हणाली, "पुढे."

पुढच्याच आठवड्यात मंत्रिपद सोडून त्यांनी विधेयक मांडले. वीस मिनिटांत ते मंजूर झाले; विरोधात एकही हात वर झाला नाही. सगळे अभिनंदन करू लागले. लेस्कोंनी माझ्यावर कपाळ टेकले आणि ते हुंदके देऊ लागले, "वीस मिनिटं! वीस मिनिटांचं काम होतं हे!"

त्यानंतर ते कधीच निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

आता मी नगरपालिकेच्या काचेच्या कपाटात आहे. थोर माणसाची बॅग म्हणून मला पुसतात. मित्रांनो, मला पुसू नका. तुमच्या बॅगेच्या तळाशी कुणाचा जीव अडकून पडला असेल, तर तो आजच बाहेर काढा.